नियमाची पुनःप्रवृत्ती आणि निष्कर्षाचे दायित्व

एखादा नियम एकदा लागू झाला म्हणजे त्याचे काम संपले असे मानावे काय? की ज्या आधारावर तो लागू झाला तो आधार ढळताच त्याने पुन्हा प्रवृत्त होऊन आपणच दिलेल्या निष्कर्षाची झडती घ्यावी? वरवर पाहता हा प्रश्न संगणकशास्त्रातील एका तांत्रिक तपशिलापुरता आहे, आणि तो त्या शास्त्राच्या जाणकारांवर सोपवून मोकळे व्हावे असे साहित्याच्या अभ्यासकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या व्यवस्थेच्या संदर्भात तो येथे विचारला जात आहे तिने आपल्या नावातच 'अर्थ' या संकल्पनेवर हक्क सांगितलेला आहे. 'सिमँटिक वेब', म्हणजे अर्थाचे जाळे, असे तिचे नाव. अर्थाविषयी इतका मोठा दावा करणाऱ्या व्यवस्थेत निष्कर्ष कसे जन्माला येतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कसे नाहीसे होतात किंवा होत नाहीत, याची चिकित्सा अर्थनिर्णय हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी करू नये, हे उचित नव्हे.

प्रथम या व्यवस्थेचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी मे २००१ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये ही कल्पना व्यापक वाचकवर्गापुढे मांडली. वेबवरील मजकूर केवळ माणसांनी वाचण्याजोगा न राहता यंत्रांनाही त्यावरून अनुमान करता यावे, हे तिचे सार. तिची पायाभूत भाषा, आरडीएफ, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ मध्ये शिफारस म्हणून स्वीकारली होती. या भाषेत प्रत्येक विधान त्रिपदी असते: एक वस्तू, एक संबंध आणि दुसरी वस्तू. २००४ मध्ये संकल्पनांची वर्गव्यवस्था मांडणारी 'आउल' ही भाषा सिद्ध झाली आणि त्याच वर्षी 'जर-तर' स्वरूपाचे नियम लिहिण्यासाठी 'स्वर्ल' नावाचा प्रस्ताव पुढे आला. पालक आणि बंधू या दोन संबंधांवरून 'अंकल' हा तिसरा संबंध काढणारा नियम हे त्याचे ठरलेले उदाहरण. (मराठीत हा नियम एका वाक्यात लिहिता येत नाही, काका आणि मामा वेगळे करण्यासाठी पालक म्हणजे आई की बाप हे विचारावे लागते. अर्थाचे जाळे कोणत्या भाषेच्या मागावर विणले जात आहे याची ही लहानशी खूण आहे. पण तो स्वतंत्र निबंधाचा विषय होईल.)

शुद्ध तर्कशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास आपल्या प्रश्नाला जागाच उरत नाही. विधानांचा एक संच आणि त्यातून निष्पन्न होणाऱ्या विधानांचा दुसरा संच यांच्यातील संबंध कालातीत असतो. तेथे 'आधी', 'नंतर' आणि 'पुन्हा' हे शब्द निरर्थक होत. अनुमानयंत्र मात्र काळात वावरते. विधाने त्याच्याकडे एकामागून एक येतात, काही काढून घेतली जातात, आणि मधल्या काळात काढलेले निष्कर्ष कोठेतरी लिहून ठेवलेले असतात. निष्पत्ती हा एक संबंध आहे, निष्कर्ष काढणे ही एक कृती आहे. नैतिक विचार पहिल्याविषयी मूक राहू शकतो, दुसरीविषयी नाही.

येथे कोणी म्हणेल की निष्कर्ष लिहून ठेवावेतच कशाला? प्रश्न विचारला गेला की त्या क्षणी उपलब्ध असलेल्या विधानांवरून मागे मागे जात उत्तर शोधावे. अशी यंत्रे आहेत, आणि जी व्यवस्था निष्कर्ष साठवतच नाही तिच्यावर तो मागे घेण्याची पाळी येत नाही. परंतु विधानांची संख्या कोटींच्या घरात गेली की प्रत्येक वेळी मुळापासून शोध घेणे जड जाते. म्हणून बहुतेक मोठ्या व्यवस्था आधार हाती येताच सर्व निष्कर्ष काढून ठेवतात, किंवा दोन्ही पद्धतींचा संकर करतात. 'जेना' या विख्यात प्रणालीत दोन्हींची सोय आहे. आपला प्रश्न साठवलेल्या निष्कर्षांविषयी आहे.

त्याचे पहिले रूप सोपे आहे आणि ते लवकर हातावेगळे करता येईल. नियमाचे पूर्वांग जुळले, तो प्रवृत्त झाला, निष्कर्ष मिळाला. पूर्वांग तर अजूनही जुळलेलेच आहे. मग नियम पुन्हा का प्रवृत्त होऊ नये? आणि झाला तर थांबणार केव्हा? १९७० च्या दशकात नियमाधारित प्रणाली रचणाऱ्यांना ही अडचण आली तेव्हा त्यांनी एक संकेत ठरवला: तीच विधाने आणि तोच नियम असा जोड एकदाच प्रवृत्त व्हावा. या संकेताला त्यांनी दिलेले नाव मज्जापेशीच्या व्यवहारावरून घेतलेले आहे. पेशी एकदा उद्दीपित झाली की काही काळ तिला पुन्हा उद्दीपित करता येत नाही. चार्ल्स फॉर्गी यांनी याच काळात सिद्ध केलेली 'रेटे' ही पद्धती ('रेटे' म्हणजे लॅटिनमध्ये जाळे) नवे विधान आले की सर्व नियम पुन्हा तपासत बसत नाही. त्या विधानाचा ज्या नियमांशी संबंध येतो तेवढेच जागे करते.

पण नियम जेव्हा नवी वस्तू निर्माण करतो तेव्हा हा संकेत अपुरा पडतो. 'प्रत्येक माणसाला माता असते' हा निरपवाद वाटणारा नियम घ्या. सुमती माणूस आहे. तिची माता कोण हे माहीत नाही. यंत्र एक अनामिक माता कल्पिते. ही अनामिकाही माणूसच, म्हणून तिलाही माता हवी. प्रत्येक पायरीवर विधान नवे असल्यामुळे 'एकदाच' हा संकेत कोठेही मोडत नाही, आणि यंत्र थांबतही नाही. काही पद्धती म्हणून आधी विचारतात की हवी ती माता विधानांत अगोदरच आहे काय, आणि असेल तर नवी कल्पीत नाहीत. तरीही कोणताही नियमसंच दिला असता ही प्रक्रिया थांबेल की नाही हे सर्व बाबतींत सांगणारी यांत्रिक रीत असू शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे.

व्याकरणपरंपरेशी परिचय असलेल्या वाचकाला येथे पाणिनीय मीमांसेची आठवण होणे अपरिहार्य आहे. अष्टाध्यायीची सूत्रे हीदेखील नियमांची व्यवस्था आहे, आणि एका लक्ष्याच्या ठिकाणी एक सूत्र किती वेळा प्रवृत्त व्हावे याचा ऊहापोह वैयाकरणांनी बारकाईने केला आहे. काशीस वास्तव्य केलेल्या नागेशभट्ट काळे या महाराष्ट्रीय पंडिताच्या 'परिभाषेन्दुशेखर' या ग्रंथात (पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या किलहॉर्न यांनी तो एकोणिसाव्या शतकात संपादून इंग्रजीत आणला) आपल्या विषयाला अगदी भिडणाऱ्या दोन परिभाषा शेजारी शेजारी येतात. एकीचा आशय असा की दोन सूत्रांच्या संघर्षात जे एकदा बाधित झाले ते कायमचे बाधित. दुसरीचा आशय असा की पुन्हा प्रसंग आला तर बाधित झालेले सूत्रही प्रवृत्त होऊ शकते. दोन्ही मान्य, आणि दोन्ही परस्परविरोधी. कोठे कोणती लावावी याचा निर्णय परंपरेने इष्ट रूपाकडे पाहून करावयास सांगितला. म्हणजे पुनःप्रवृत्तीचे अंतिम गमक नियमाच्या आत नाही, ज्यासाठी नियम केला त्या लक्ष्यात आहे, ही गोष्ट वैयाकरणांनी मोकळेपणाने स्वीकारली. मला हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. मात्र हे साम्य फार ताणू नये. पाणिनीच्या प्रक्रियेत धातू, प्रत्यय आणि विवक्षा एकदा हाती आल्या की प्रक्रिया पुढेच जाते. मध्येच कोणी येऊन 'हा धातू चुकून दिला होता, परत द्या' असे म्हणत नाही. आपल्या प्रश्नाचे दुसरे आणि खरे अवघड रूप तेथून सुरू होते.

एक कल्पित पण परिचयाचे उदाहरण घेऊ. एका शिष्यवृत्तीच्या व्यवस्थेत तीन नियम आहेत. पालकांचे उत्पन्न अमुक मर्यादेखाली असेल तर विद्यार्थी पात्र. पात्र विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला असेल तर शुल्कमाफी. शुल्कमाफी असेल तर वसतिगृहात अग्रक्रम. उत्पन्नाच्या दाखल्यावरून एक विधान नोंदले गेले, तीनही नियम ओळीने प्रवृत्त झाले, तीन निष्कर्ष साठवले गेले. काही महिन्यांनी ते मूळ विधान काढून टाकण्यात आले. आता पुढील तीन निष्कर्षांचे काय व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी विधान का काढले हे विचारले पाहिजे, आणि येथे किमान तीन शक्यता संभवतात. पहिली: विधान मुळातच असत्य होते, त्याच नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा दाखला या विद्यार्थ्याच्या नोंदीला जोडला गेला होता. दुसरी: विधान त्या वेळी सत्य होते, आता राहिले नाही, पालकांचे उत्पन्न या वर्षी वाढले. तिसरी: विधान तेव्हाही सत्य होते आणि आताही आहे, परंतु कार्यालयाने ते जवळ बाळगणे थांबवले, दाखल्यांची मुदत संपली, किंवा कुटुंबाच्या उत्पन्नासारखी खाजगी माहिती अनिश्चित काळ ठेवू नये असे ठरले. नैतिकदृष्ट्या या तीन पूर्णतः भिन्न घटना आहेत. पहिलीत तीनही निष्कर्ष आरंभापासूनच निराधार होते. दुसरीत गेल्या वर्षीची शुल्कमाफी न्याय्यच होती, पुढच्या वर्षीची नसेल. तिसरीत एकही निष्कर्ष ढळण्याचे कारण नाही. उलट तो ढळला तर खाजगीपणा जपल्याबद्दल विद्यार्थ्याला शिक्षा केल्यासारखे होईल.

अनुमानयंत्राला मात्र या तीन घटना एकच दिसतात. आरडीएफच्या त्रिपदी विधानात काळासाठी जागा नाही. ती हवी असेल तर निराळी रचना करून आणावी लागते, आणि अशी रचना करण्याचा कंटाळा सार्वत्रिक आहे. विधान होते, ते आता नाही, एवढेच यंत्राला कळते. त्यातही आणखी एक खोच आहे. या व्यवस्थेत विधानाच्या अभावातून त्याचा निषेध निघत नाही. जे नोंदलेले नाही ते असत्य नव्हे, केवळ अज्ञात. तत्त्व म्हणून हे उदार आहे. वेबसारख्या अफाट जागेत कोणालाच सर्व माहीत असणार नाही याची ती कबुली आहे. पण त्यामुळे काढून टाकलेल्या आरोपातून निर्दोषत्व निष्पन्न होत नाही. माणूस 'संशयित' या पदावरून 'अज्ञात' या पदावर येतो, आणि तेही निष्कर्ष मागे घेतला गेला तरच.

तो कसा मागे घेतात? जॉन डॉईल यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या 'सत्य-परिरक्षण' पद्धतीत प्रत्येक विश्वासाबरोबर त्याची कारणेही नोंदली जातात. कारण गेले की विश्वास पुसला जात नाही. तो 'आत'मधून 'बाहेर' जातो, कारणांच्या नोंदीसह तेथे थांबतो, आणि कारण परतले की पुन्हा आत येतो. १९९३ मध्ये गुप्ता, मुमिक आणि सुब्रह्मण्यन यांनी विदासंचांसाठी सुचवलेली रीत वेगळी आहे: काढलेल्या विधानावर ज्यांचा जराही आधार असू शकेल ते सर्व निष्कर्ष आधी पाडावेत, मग त्यांपैकी जे अन्य आधारावर उभे राहू शकतात ते पुन्हा काढावेत. आपला विद्यार्थी दुसऱ्या एखाद्या नियमानेही पात्र ठरत असेल तर तो क्षणभर अपात्र होऊन पुन्हा पात्र होतो. यंत्राच्या दृष्टीने हा क्षण नगण्य आहे. नेमक्या त्या क्षणी एखादे पत्र छापून बाहेर पडले तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो तसा राहत नाही.

'जेना'च्या नियमभाषेत विधान काढून टाकण्याच्या दोन क्रिया आहेत, आणि त्यांतील भेद मला कोणत्याही नीतिशास्त्रीय ग्रंथातील सूक्ष्म भेदाइतकाच उद्बोधक वाटतो. 'रिमूव्ह' या क्रियेने विधान काढले तर त्या निर्गमनाची वार्ता इतर नियमांपर्यंत पोचते, ते पुन्हा जागे होतात, आणि त्या विधानावर उभे असलेले निष्कर्ष मागे घेतले जातात. 'ड्रॉप' या क्रियेने काढले तर विधान मुकाट्याने जाते. कोणताही नियम जागा होत नाही. ही दुसरी क्रिया जागा वाचवण्यापुरतीच आणि जपून वापरावी अशी सूचना प्रणालीचे कर्ते देतात. नियम लिहिणाऱ्या व्यक्तीने दोहोंपैकी कोणता शब्द लिहिला हे बाहेरून कोणालाही दिसत नाही. ज्याच्याविषयी निष्कर्ष काढला गेला त्याला तर नाहीच नाही. 'ड्रूल्स' या दुसऱ्या प्रणालीत असाच भेद निष्कर्ष नोंदतानाच करावा लागतो: काही निष्कर्ष आधार असेतोवरच राहतात, काही एकदा नोंदले की स्वतंत्र होतात. म्हणजे निष्कर्षाचा आधाराशी कोणता संबंध आहे हा प्रश्न कोणीतरी, कोठेतरी सोडवलेला असतोच. न सोडवण्याची मुभा कोणालाही नाही. केवळ न विचारण्याची आहे.

हा संबंध समजून घेण्यासाठी न्यायदर्शनाने केलेला कारणभेद उपयोगी पडतो. पटाचे समवायिकारण तंतू, असमवायिकारण तंतूंचा संयोग, आणि निमित्तकारण म्हणजे तुरी, वेमा, विणकर. वस्त्र विणून झाल्यावर माग मोडला, विणकर गाव सोडून गेला, तरी वस्त्र राहते. तंतू जळाले तर राहत नाही. तंतू शाबूत असूनही त्यांचा संयोग उसवला तरी राहत नाही. (नियमव्यवस्थेत या अखेरच्या शक्यतेलाही जागा आहे: विधाने जशीच्या तशी आहेत, पण त्यांना जोडणारा नियमच रद्द झाला.) वैयाकरणांतही निमित्ताच्या नाशाबरोबर नैमित्तिकाचाही नाश मानावा की नाही याविषयी वाद झाला, तशी परिभाषा सांगितली गेली आणि तिच्या सार्वत्रिकतेवर आक्षेपही घेतले गेले. अनुमानयंत्राच्या नियमात मात्र पूर्वांगातून उत्तरांगाकडे जाणारा बाण एकच असतो. पूर्वांगातील विधान उत्तरांगाचा तंतू आहे की तुरी, हे तो बाण सांगत नाही.

आपल्या नैतिक व्यवहारात हा भेद आपण सतत करत असतो, आणि तो नेहमी सोपा नसतो. संशय हा पूर्णपणे तंतुमय निष्कर्ष आहे. कारणांखेरीज त्याला दुसरे उपादान नाही, म्हणून कारणे गेली की त्याने क्षणभरही राहता कामा नये. वचनाचे उलट. मी ज्या परिस्थितीमुळे वचन दिले ती बदलली म्हणून वचन विरत नाही. परिस्थिती तेथे केवळ माग होती. पदवी, दत्तकविधान, विवाह हे वचनाच्या जवळ जाणारे निष्कर्ष आहेत. ते एकदा सिद्ध झाले की स्वतःच्या पायावर उभे राहतात. पण तेथेही आधार मुळातच खोटा होता असे उघड झाले तर आपण थबकतो. कृतज्ञतेचे काय? एखाद्याने माझ्यावर उपकार केला असे समजून मी वर्षानुवर्षे कृतज्ञ राहिलो आणि नंतर कळले की तो उपकार त्याच्या हातून अनवधानाने घडला होता. माझी कृतज्ञता तेथेच संपली पाहिजे काय? मला तसे वाटत नाही; मधल्या वर्षांत तिने स्वतःचे काही तंतू जमवलेले असतात. यंत्रातही एका निष्कर्षाला अनेक आधार असू शकतात. परंतु निष्कर्ष दीर्घकाळ टिकून राहिला एवढ्याने त्याला नवा आधार मिळाला असे तेथे होत नाही, आणि संशयाच्या बाबतीत तसे न होणेच बरे.

हा प्रश्न केवळ पाठशाळेतला नाही. नेदरलँड्सच्या कर-प्रशासनाने २०२० पर्यंत वापरलेली एक नोंदवही येथे आठवते. फसवणुकीचा संभव दर्शवणाऱ्या 'सूचना' तीत नोंदल्या जात, आणि २ लाख ७० हजारांहून अधिक लोकांची नावे तीत होती. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाच्या विदा-संरक्षण प्राधिकरणाने तिच्याबद्दल ३७ लाख युरोंचा दंड ठोठावला. प्राधिकरणाने ठेवलेल्या दोषांत दोन असे होते: नोंदी बिनचूक व अद्ययावत नव्हत्या, आणि त्या आवश्यकतेहून अधिक काळ ठेवल्या गेल्या. ही नोंदवही सिमँटिक वेबच्या तंत्राने चालत नव्हती, आणि त्या तंत्रावर हा दोष लादणे अन्यायाचे होईल. उलट असे म्हणता येईल की आधार आणि निष्कर्ष यांचा दुवा जपणारे अनुमानयंत्र तेथे असते तर निदान प्रश्न तरी विचारला गेला असता. पण त्या प्रकरणातून हे स्पष्ट होते की संशयाला विणून झालेले वस्त्र समजून घडी घालून ठेवले की काय होते. आणि त्याच्या आधारे जे घडले ते तर यंत्रात नव्हतेच. शिष्यवृत्तीच्या उदाहरणात वसतिगृहाचा अग्रक्रम यंत्राने मागे घेतला तरी रिकामी करावी लागणारी खोली यंत्राबाहेर असते. पुनःप्रवृत्तीची धाव यंत्राच्या स्मृतीपर्यंतच.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. माणूस तरी याहून चांगले काय करतो? १९७५ मध्ये रॉस, लेपर आणि हबर्ड यांनी केलेला एक प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. सहभागी व्यक्तींना आत्महत्येपूर्वी लिहिलेल्या खऱ्या आणि बनावट चिठ्ठ्या ओळखण्यास सांगितले गेले, आणि त्यांची उत्तरे कितपत बरोबर आली याविषयी मनगढंत गुण कळवले गेले. नंतर गुण मनगढंत होते हे त्यांना स्वच्छ सांगितले. तरीही ज्यांना चांगले गुण कळवले होते ते स्वतःला या कामात अधिक कुशल समजत राहिले, आणि ज्यांना वाईट कळवले होते ते कमी. आधार गेला, निष्कर्ष राहिला. गिल्बर्ट हार्मन यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगाच्या संदर्भात असा युक्तिवाद केला की माणसाने आपल्या प्रत्येक विश्वासाची कारणे लक्षात ठेवणे शक्य नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. मनात अडगळ न साठवणे हाही विवेकाचाच भाग आहे. कारण विसरल्यावर विश्वास टिकून राहणे हा म्हणून दोष नव्हे. ज्याचे कारण आपल्याला आठवते आणि ते ढळल्याचेही कळते, तोच विश्वास सोडण्याचे बंधन आपल्यावर येते.

हार्मन यांचे म्हणणे माणसापुरते मला पटते. यंत्राला मात्र ते लागू करता येत नाही. यंत्र विसरत नाही. त्याला विसरावयास लावले जाते. कारणांची नोंद ठेवायची तर स्मृतीची जागा लागते, वेग मंदावतो, खर्च वाढतो, म्हणून ती ठेवू नये असे कोणीतरी ठरवते. माणसाची विस्मृती ही त्याची मर्यादा म्हणून क्षम्य ठरते. येथे जे विस्मृतीसारखे दिसते तो जमाखर्चातील एक निर्णय असतो, आणि त्या निर्णयाला कर्ता असतो. निष्कर्ष साठवायचा आणि त्याचे कारण साठवायचे नाही, ही सवलत शिष्यवृत्तीच्या यादीसारख्या व्यवस्थांनी घ्यावी हे मला समर्थनीय वाटत नाही. ग्रंथालयाच्या सूचीत ती चालेल, पक्ष्यांच्या वर्गीकरणात चालेल. माणसांच्या वर्गीकरणात नाही.

आणि हे सारे एकाच यंत्राच्या भिंतींच्या आत. 'जाळे' या शब्दाने सूचित होणारी व्यवस्था त्याहून पसरट आहे. वेबवरील दुवा एकाच दिशेने जातो. ज्याच्याकडे तो निर्देश करतो त्याला आपल्याकडे कोण कोण बोट दाखवीत आहे हे कळत नाही. या साधेपणामुळेच वेब इतकी झपाट्याने वाढू शकली. परंतु एका ठिकाणचे विधान दुसऱ्या ठिकाणच्या यंत्राने उचलले, त्यावरून निष्कर्ष काढला, तो तिसऱ्याने उचलला, आणि मग पहिल्याने आपले विधान मागे घेतले, तर ती वार्ता कोणत्या वाटेने जाणार? मागे घेणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असो, त्याच्या हातून घडणारी क्रिया तिसऱ्याच्या दृष्टीने 'ड्रॉप'च ठरते. पुनःप्रवृत्तीचे दायित्व मग मागे घेणाऱ्यावर नव्हे, निष्कर्ष बाळगणाऱ्यावर येऊन पडते: त्याने अधूनमधून मुळाशी जाऊन पाहावे. तसे करण्यास त्याला भाग पाडणारे मात्र काहीही नाही.

साहित्याच्या इतिहासलेखनाला ही स्थिती नवी नाही. 'विवेकसिंधू'चा रचनाकाल शके १११० मानला जातो तो ग्रंथाच्या अखेरीस येणाऱ्या कालनिर्देशाच्या ओवीवरून. त्या कालावरून तो मराठीतील पहिला ग्रंथ ठरला, त्यावरून मुकुंदराज आद्यकवी ठरले, आणि त्यावरून मराठी वाङ्मयाचा प्रारंभ अद्वैतप्रतिपादनाने झाला अशी मांडणी करता आली. पुढे त्या ओवीच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांनी शंका उपस्थित केल्या, आणि काहींनी तर मुकुंदराजांना ज्ञानेश्वरांच्या नंतरच्या काळात नेले. तो वाद येथे सोडवायचा नाही; ओवी अस्सल असेलही. लक्षात घेण्याजोगे हे की त्या शंकेची वार्ता साखळीतल्या प्रत्येक कडीपर्यंत सारख्याच वेगाने पोचली नाही. कालाविषयीच्या चर्चेत ती लगेच पोचली, 'पहिला ग्रंथ' या विधानाला तिने 'परंपरेनुसार' असे एक क्रियाविशेषण जोडले, प्रारंभाविषयीच्या मांडणीपर्यंत ती अर्धवट पोचली. 'आद्यकवी' या शब्दापर्यंत ती पोचलीच नाही. तो शब्द आता निष्कर्ष म्हणून उच्चारला जात नाही, मुकुंदराजांच्या नावाचाच एक भाग म्हणून उच्चारला जातो, आणि ज्या ओवीवरून तो आला ती माहीत नसलेला विद्यार्थीही तो बिनचूक लिहितो.